ठाणे स्टेशनात गाडी बदलणाऱ्यांचा विचार कधी होणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या रिंग मेट्रोच्या, कोपरीतल्या सॅटिसच्या (म्हणजे स्टेशनबाहेर बस-रिक्षांसाठी बांधतात त्या उंच डेकच्या) आणि मनोरुग्णालयाच्या जागेवर होणाऱ्या नव्या स्टेशनच्या बातम्या पेपरात अधूनमधून वाचत असते. चांगल्या बातम्या आहेत, होऊ दे सगळं, पटापट होऊ दे. पण या बातम्यांत एक गोष्ट कुठेच सापडत नाही, ती म्हणजे माणूस एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसेपर्यंत मधे त्याचं काय होतं. किती कोटी, किती किलोमीटर, किती स्टेशनं हे सगळं छापून येतं, मात्र पाच नंबरवरून दहा नंबरवर जायचं कसं, मेट्रोतून वर आलेली बाई रिक्षापर्यंत पोचणार कुठून, पावसात बसची वाट बघत उभं राहायचं कुठे, यावर कोणी चार ओळी बोलत नाही. म्हणून हे पत्र. जरा मोठं झालंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा ही विनंती.

मी कोपरीत राहते म्हणजे ठाणे ईस्टला, नोकरी ऐरोलीला, माहेर डोंबिवली, आणि भाजी, कापड, डॉक्टर, बँक, नाटक हे सगळं वेस्टला. त्यामुळे स्टेशनशी संबंध चारी बाजूंनी येतो, कधी प्रवासी म्हणून तर कधी नुसतं पलीकडे जायचंय म्हणून. आणि माझ्यासारख्या हजारो आहेत. ठाणे स्टेशनवर जे लोक दिसतात ते सगळे ठाण्यात आलेले नसतात हे आधी नीट लक्षात घ्यायला पाहिजे. कल्याण-डोंबिवली-बदलापूरकडून येऊन ऐरोली, घणसोली, तुर्भे, वाशीला जाणारे आहेत, नवी मुंबईतून येऊन मुलुंड-भांडुप-घाटकोपरला जाणारे आहेत, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून बस नाहीतर शेअर रिक्षाने येऊन फास्ट पकडणारे आहेत, भिवंडीला एसटीने जाणारे आहेत, लांब पल्ल्याची मेल पकडायला बॅगा घेऊन आलेले आहेत. या सगळ्यांना ठाण्यात काही काम नाही. त्यांना इथे फक्त बदलायचं आहे. आणि बदलण्याचीच जागा अशी आहे की तिचा मालक कोण हेच कळत नाही. प्लॅटफॉर्म आणि पूल रेल्वेचे, बाहेरचा रस्ता आणि सॅटिस महापालिकेचा, एसटी महामंडळाची, रिक्षावाल्यांची लाईन कोणाची ते देव जाणे, आणि आता मेट्रोवाले येणार. प्रत्येकाने आपापली हद्द सांभाळायची आणि माणसाने एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत धावत सुटायचं.

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. मासुंदा तलाव, आपली तलावपाळी, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. कोपिनेश्वराचं देऊळ, जांभळी नाका, गडकरी रंगायतन सगळं त्याच पाण्याच्या आसपास. म्हणजे जुनं ठाणं एकीकडे तलाव, दुसरीकडे खाडी अशा मधल्या पट्ट्यात वसलेलं आणि स्टेशन त्याला खेटून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आणि ३४ किलोमीटर येऊन ती ठाण्याला थांबली. हे आपण सगळे अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण त्या दिवशी ठाणं हे लाईनीचं शेवटचं स्टेशन होतं. उतरायचं आणि गावात जायचं, विषय संपला. पुढच्याच वर्षी १८५४ मधे लाईन कल्याणपर्यंत गेली आणि ठाणं मधलं स्टेशन झालं. मग दीडशे वर्षांनी, २००४ मधे, ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे जाणारी ट्रान्स हार्बर लाईन सुरू झाली आणि ठाणं खऱ्या अर्थाने जंक्शन झालं. शहर बघा कुठून कुठे गेलं, २०११ च्या जनगणनेतच महापालिका हद्दीत १८ लाख ४१ हजार लोक होते, आणि त्यानंतर घोडबंदरला जे टॉवर उभे राहिलेत ते सगळ्यांना दिसतातच आहेत. स्टेशन मात्र तेवढ्याच जागेत आहे, एका बाजूला बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला वस्ती, वाढायला जागा नाही. मान्य आहे. जागा नाही म्हणूनच डोकं जास्त लावायला पाहिजे ना?

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. एक नंबर प्लॅटफॉर्म वेस्टला, सॅटिसच्या खाली उतरलं की समोर. तिथून स्लो, मग पाच-सहा फास्ट, मग सात-आठ मेल-एक्स्प्रेसवाले, आणि ट्रान्स हार्बरचे नऊ, दहा, दहा अ एकदम ईस्टच्या टोकाला. म्हणजे ज्यांना गाडी बदलायची आहे त्यांच्या दोन्ही गाड्या स्टेशनच्या वेगवेगळ्या बाजूंना. वेस्टमधून येऊन ऐरोलीला जायचं तर अख्खं स्टेशन आडवं पार करा. डोंबिवलीवरून फास्टने येऊन वाशीला जायचं तर पाच-सहावरून वर चढा, पूल चाला, परत खाली उतरा. सगळी वाहतूक पुलांवर, आणि त्याच पुलांवर माझ्यासारखे ईस्टवरून वेस्टला भाजी आणायला निघालेले.

सकाळी पावणेनऊच्या सुमाराला पाच-सहा नंबरचा जिना एकदा येऊन बघावा अशी माझी सगळ्या इंजिनिअर लोकांना हात जोडून विनंती आहे. गाडी लागते, बारा डबे रिकामे व्हायला लागतात आणि गाडी पूर्ण थांबायच्या आत पुढचे लोक जिन्याच्या तोंडाशी पोचलेले असतात कारण जिना गाठला नाही तर वाशी गेली हे त्यांना पाठ आहे. वरून त्याच वेळी ट्रान्स हार्बरचे लोक खाली येतात, त्यांना हीच फास्ट पकडायची असते. खालचे वर, वरचे खाली, मधे एक कठडा. कठड्याला धरून एक वयस्कर बाई उभी असते, एका हातात पिशवी, दुसरा हात कठड्यावर, गुडघ्याचा त्रास असणार, एक पायरी चढली की थांबते. तिची जागा म्हणजे कठड्याची बाजू, आणि नेमकी तीच बाजू उतरणाऱ्यांनी घेतलेली कारण त्यांनाही आधार पाहिजे. ती सरळ भिंतीला चिकटून उभी राहते, जिना रिकामा होईल मग चढू म्हणून. आणि जिना रिकामा व्हायच्या आत पुढची गाडी लागते. सरकता जिना आहे, पण त्याच्या तोंडाशीही हीच रेटारेटी आणि तो कधी बंद असला तर त्याच्या उंच पायऱ्या चढणं साध्या जिन्यापेक्षा अवघड. लिफ्टसमोर व्हीलचेअर, बॅगा, बाळं घेतलेल्या आया. हे एका दिवसाचं नाही, कामाच्या कुठल्याही दिवशी दिसेल.

यात लोकांना शिस्त नाही वगैरे म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण हिशोब साधा आहे. गर्दीच्या वेळी लोकल तीन-चार मिनिटांनी येते. एका गाडीतून उतरलेले लोक पुढची गाडी यायच्या आत जिन्यावरून वर गेले तर ठीक, नाही गेले तर उरलेले प्लॅटफॉर्मवर राहतात, त्यात पुढच्या गाडीचे येऊन मिळतात, आणि असं दोन-तीन गाड्यांना झालं, शिवाय एखादी गाडी लेट होऊन दोन एकदम लागल्या, की प्लॅटफॉर्मवर हलायला जागा उरत नाही. म्हणजे खरी मापं प्लॅटफॉर्मच्या लांबीची नाहीत, जिन्याच्या रुंदीची आणि पुलाच्या रुंदीची आहेत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर काय झालं ते आपण कोणीच विसरलेलो नाही. पाऊस आला, लोक जिन्यावर थांबले, मागून गाड्या येत राहिल्या आणि २३ माणसं गेली. तिथे गाडीचा अपघात झालेला नव्हता. माणसं पुलावरच्या चेंगराचेंगरीत गेली. ते आठवलं की आमच्या कोपरीतल्या बायका पावसाळ्यात पुलावर पोरांचा हात घट्ट धरतात, आणि ती भीती खोटी नाही.

सुधारणा होतच नाही असं मी म्हणणार नाही. ३१ मे ते २ जून २०२४ ठाण्यात ६३ तासांचा मेगाब्लॉक घेतला होता आठवतोय ना, केवढी ओरड झाली होती, ऑफिसं कशी गाठायची म्हणून. पण त्या तीन दिवसांत पाच-सहा नंबरचा प्लॅटफॉर्म दोन-तीन मीटरने रुंद केला, तयार काँक्रीटचे ठोकळे आणून बसवले, रूळ सरकवला. ब्लॉक संपल्यावर पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा फरक लगेच जाणवला, गाडी जाताना मागे सरकून उभं राहायला जागा मिळाली. दोन-तीन मीटर म्हणजे कागदावर काय, काहीच नाही, पण तिथे उभं राहणाऱ्याला विचारा. रात्रंदिवस राबून ज्यांनी ते काम केलं त्यांचं मनापासून कौतुक. आणि म्हणूनच म्हणते की जे तीन दिवसांत प्लॅटफॉर्मचं झालं ते जिन्यांचं आणि पुलांचं का होऊ नये? प्लॅटफॉर्म रुंद झाला पण त्यावरून वर जायची वाट जर तेवढीच राहिली तर गर्दी फक्त उभी राहायची जागा बदलते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ज्यांना ठाण्यात यायचंच नाही त्यांना ठाण्यात उतरवताय कशाला? कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्यात उतरावं लागू नये म्हणून कळवा-ऐरोली उन्नत मार्ग एमयूटीपी ३ मधे, म्हणजे मुंबईच्या लोकल सुधारायच्या प्रकल्पात, घेतला, त्याला २०१६ मधे मंजुरी मिळाली. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मधे सुरू झालं, चांगलं झालं. पण कळव्याला जोडणारा मुख्य तुकडा जागेच्या आणि तिथल्या झोपड्यांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नात अडकून पडलाय. तिथल्या लोकांना नीट घरं द्या, जवळ द्या, फसवू नका, त्यांचा हक्क आहे तो, पण निर्णय लावा. हा एक तुकडा झाला तर कल्याण-वाशी सरळ गाडी जाईल आणि सकाळी पाच-सहा नंबरच्या जिन्यावरची मोठी गर्दी आपोआप कमी होईल, ठाण्यात एक वीटसुद्धा न लावता. ठाणे स्टेशनसाठी सगळ्यात उपयोगी काम ठाण्याच्या बाहेर आहे हे मला वाटतं कोणी जोरात सांगत नाही. ठाण्याच्या लोकांनीसुद्धा ही मागणी आपली समजून लावून धरली पाहिजे, ती फक्त कल्याण-डोंबिवलीवाल्यांची नाही. माझा भाऊ डोंबिवलीवरून महापेला जातो, त्याचा दिवस या एका बदलण्याने केवढा लांबतो ते घरात बघतेय.

आता स्टेशनच्या बाहेर येऊ. वेस्टला सॅटिस झालं तेव्हा बसेस वर गेल्या, रिक्षा खाली राहिल्या, पुलावरून थेट डेकवर जाता यायला लागलं. सॅटिस व्हायच्या आधीचं स्टेशन ज्यांनी बघितलंय, म्हणजे बस, रिक्षा, हातगाड्या, माणसं सगळं एका रस्त्यावर, ते सॅटिसला नावं ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही, कल्पना चांगलीच होती, माणसाला रस्त्यावर न उतरता बस मिळावी ही गोष्ट बरोबर ओळखलेली. पण बस कुठली कुठून सुटते हे नवीन माणसाला आजही दुसऱ्या माणसाला विचारूनच कळतं. आणि खाली संध्याकाळी सातनंतर शेअर रिक्षाची लाईन, लोकमान्यनगर, वर्तकनगर, मानपाडा, प्रत्येकाची वेगळी, कुठली कुठे संपते आणि कुठली कुठे सुरू होते ते समजत नाही, पाऊस असला तर डेकच्या खांबांच्या मधे मधे पाणी आणि लाईन त्या पाण्याला वळसा घालून. रिक्षावाले दादा बरेचसे चांगले आहेत हो, रात्री अकराला एकटी बाई बघून दारापर्यंत सोडणारेही आहेत, पण त्यांनाही उभं राहायला धड जागा आखून दिलेली नाही. जमिनीवर पट्टे मारा, वर मोठ्या मराठीत कुठली रिक्षा ते लिहा, लाईनीवर पत्रा टाका. याला ना केंद्राची मंजुरी लागते ना कर्ज.

एसटी स्टँड स्टेशनला लागून आहे, ही खरं तर केवढी मोठी सोय. पण पुलावरून उतरलेल्या माणसाला एसटी इकडे असा बाण कुठे दिसतो का बघा. गावाकडून आलेले लोक, हातात गाठोडं, विचारत विचारत जातात.

ईस्टचं सॅटिस हा आमच्या अगदी उंबऱ्यावरचा विषय. कोपरीत ते काम गेली काही वर्षं चालू आहे. धूळ, पत्रे, वळसे सगळं सहन केलंय आणि करू, कारण ते व्हायलाच पाहिजे, ट्रान्स हार्बर ईस्टला आहे, कंपन्यांच्या बसेस ईस्टला थांबतात, हायवे ईस्टला जवळ. पण माझी काळजी ही की वेस्टचीच चूक इथे परत होऊ नये. डेक बांधताना गाड्या कशा वळतील हे बघितलं जातं, माणूस कुठून कुठे चालेल हे शेवटी बघितलं जातं. दहा नंबरवरून उतरलेला माणूस एकाही रस्त्याला आडवा न जाता बसपर्यंत पोचला पाहिजे, आणि खाली चेंदणी कोळीवाड्यातले, कोपरीतले जे लोक रोज पायी येतात, त्यांना डेकच्या खालून अंधारातून जावं लागता कामा नये. दिवे लावा, चांगले लावा. बायकांना विचारा कुठे लावायचे ते, आम्ही बोट दाखवून सांगू.

आणि ईस्ट-वेस्टचं काय? रुळांनी शहराचे दोन भाग केलेत, चेंदणी कोळीवाडासुद्धा दोन्ही बाजूंना आहे. वाहनाने जायचं तर हायवेच्या कोपरी पुलाकडून वळसा. पायी जायचं तर स्टेशन. माझ्या सासूबाईंना तलावपाळीला फिरायला जायला आवडतं, संध्याकाळी बाकावर बसायचं, कोपिनेश्वराला जायचं, येताना जांभळी नाक्यावरून भाजी. घरापासून अंतर काही नाही. पण मधे तो पूल आणि संध्याकाळची गर्दी, म्हणून त्या दुपारी तीनला उन्हात जातात आणि पाचच्या आत परत येतात. शहराच्या मधोमध असलेला तलाव ईस्टच्या म्हाताऱ्या माणसांना स्टेशनमुळे लांब पडतो, हे कोणाच्या आराखड्यात येतं का? पायी पार करणाऱ्यांसाठी आणखी एक रुंद पूल पाहिजे, प्लॅटफॉर्मशी न जोडलेला, दोन्ही बाजूंना उतार असलेला, म्हणजे सायकल हातात धरून नेता येईल, व्हीलचेअर जाईल. त्याने रेल्वेच्या पुलांवरचीही गर्दी हलकी होईल. महापालिकेने खर्च करावा, रेल्वेने जागा द्यावी. दोघांचाही फायदा आहे त्यात.

मेट्रोबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. मेट्रो ४ वडाळ्याहून कासारवडवलीला, मेट्रो ५ कापूरबावडीहून भिवंडीमार्गे कल्याणला. दोन्ही ठाण्याच्या मेट्रो. आणि दोन्ही ठाणे स्टेशनला येत नाहीत! मेट्रो ४ तीन हात नाक्यावरून जाते, तिथून स्टेशनला पायी यायचं तर वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे परत रिक्षा आणि रिक्षाची लाईन. ज्या शहरात सगळे रस्ते स्टेशनला येतात तिथे मेट्रो स्टेशन टाळून जाते हे मला पहिल्यांदा नकाशात बघितलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं. कारणं असतील, गावठाणातून खांब नेता येत नाहीत हे मलाही दिसतं. मग निदान तीन हात नाका ते स्टेशन अशी छोट्या बसची फेरी ठेवा, पाच-पाच मिनिटांनी, मेट्रोच्या तिकिटातच.

रिंग मेट्रो ही चूक भरून काढणार आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मधे मंजूर केली, २९ किलोमीटर, २२ स्टेशनं, १२ हजार २०० कोटी, बहुतेक वरून, फक्त तीन किलोमीटर आणि दोन स्टेशनं जमिनीखाली, २०२९ चं उद्दिष्ट. वागळे, लोकमान्यनगर, पोखरण, मानपाडा, कोलशेत, बाळकूम, राबोडी असा गोल फिरून ती ठाणे स्टेशनला येणार. आमच्या शहराला याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही, मी तिच्या पूर्ण बाजूने आहे. पण ऐका, गर्दीच्या वेळी मेट्रोची गाडी भरून खाली येणार, आणि ती माणसं वर कुठे बाहेर पडणार? जर त्यांनी वेस्टच्या रस्त्यावर बाहेर पडायचं, मग रेल्वेच्या दारातून आत, मग त्याच जिन्यांवरून पाच-सहा नंबरला, तर मग झालं कल्याण. मेट्रोची वाट थेट प्लॅटफॉर्मच्या खालून आली पाहिजे, एक भुयारी रस्ता वेस्टपासून ईस्टपर्यंत, त्यातून प्रत्येक प्लॅटफॉर्मला वर यायला जिना आणि लिफ्ट. वरचे पूल आहेत तसे राहतील, खालून दुसरा रस्ता मिळेल, अर्धी माणसं वरून अर्धी खालून. हे मेट्रोचं खोदकाम चालू असतानाच होऊ शकतं, नंतर दहा वर्षांनी आठवण झाली तर चालू रुळांखाली परत कोण खोदणार? आत्ता कागदावर असताना एक रेघ जास्त ओढायची आहे. माझ्या या पत्रातली एकच मागणी कोणी मान्य करणार असेल तर ही करा.

मनोरुग्णालयाच्या जागेवरचं ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवीन स्टेशन, त्याने वागळे, घोडबंदरकडचे बरेच लोक तिकडे वळतील, ठाण्यावरचा भार कमी होईल, फक्त तिथला रस्ता स्टेशनच्या आधी करा. बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन तर दिव्याकडे म्हातार्डीला आहे, त्याचा या स्टेशनशी काही संबंध नाही, तरी पुढे तिथून इकडे यायला लोक लागतीलच, तेव्हा ते बघू.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. एक अनाऊन्समेंट. गाडी ऐनवेळी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येते म्हणून सांगितलं की शेकडो माणसं एकदम जिन्याकडे पळतात. धोका कधी असतो तर तेव्हा. गाडीचा प्लॅटफॉर्म बदलायचा असेल तर निदान एक-दोन स्टेशनं आधी ठरवा, मुंब्र्याला, मुलुंडला गाडी असतानाच सांगा, आणि ठाण्यात इंडिकेटरवर ट्रान्स हार्बरची पुढची गाडी किती मिनिटांनी आहे ते फास्टच्या प्लॅटफॉर्मवरही दिसू द्या. पाच नंबरवर उतरलेल्याला जर दिसलं की वाशी चार मिनिटांनी आहे, आणि त्यानंतरची आणखी दहा मिनिटांनी, तर निम्मे लोक पळणारच नाहीत. लोक पळतात कारण त्यांना माहीत नसतं. दुसरं म्हणजे बायकांसाठी स्वच्छ शौचालय, पुलाजवळ, जिथे गाडी बदलतो तिथे. आम्ही सकाळी सातला घरून निघालेल्या असतो. यावर जास्त लिहायची गरज नाही, कळेल.

आता काम कोणी करायचं. माझं म्हणणं एवढंच की रेल्वे, महापालिका, एसटी, मेट्रो आणि रिक्षा संघटना यांची ठाणे स्टेशनपुरती एक समिती असावी आणि तिच्यात रोज गाडी बदलणारे प्रवासी असावेत, त्यात बायका, म्हातारी माणसं, व्हीलचेअरवाले असावेत, आणि तिच्याकडे एकच नकाशा असावा ज्यात सगळ्यांच्या हद्दी एकत्र दिसतील. आज प्रत्येकाचा नकाशा स्वतःच्या कुंपणाशी संपतो. ईस्टच्या सॅटिसचा आणि रिंग मेट्रोच्या भुयारी स्टेशनचा जो काही आराखडा तयार आहे तो लोकांना बघायला ठेवा, ऑनलाईन ठेवा आणि स्टेशनवरच्या पुलावर मोठा करून लावा, जिथून लोक रोज जातात. मराठीत. माणसं कुठून आत येणार, कुठून बाहेर पडणार हे त्यात बाणांनी दाखवा. हरकती घ्यायला महिनाभर द्या. कोपरीतल्या आमच्या महिला मंडळातल्या बायकांनी आपापसात ठरवलंय की आराखडा लागला की आम्ही सगळ्या जाऊन बघणार आणि लेखी सूचना देणार. तुमच्या पेपरने हा आराखडा मिळवून पहिल्या पानावर छापला तर फार उपकार होतील.

आपली,
एक वाचक,
कोपरी, ठाणे पूर्व